रेंज गेली की

सुरत–भुसावळ लोहमार्गावर नंदुरबार आणि नवापूर यांच्या मधे चिंचपाडा लागतं. गाव नवापूर तालुक्यातलं. आजूबाजूला साग आणि मोहाची झाडं, भाताची खाचरं, आणि सह्याद्रीच्या उत्तर टोकाच्या टेकड्या. बाजारात मावची, गावित, गुजराती आणि मराठी एकाच वाक्यात भेटतात. पंचक्रोशीतली माणसं उपचाराला इथल्या ख्रिश्चन हॉस्पिटलात येतात. पुढचं मोठं स्टेशन नवापूर. त्याचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, म्हणून त्याचे फोटो अधूनमधून सगळीकडे फिरत असतात.

ऑगस्ट २०१८ मध्ये एका रात्रीच्या अतिवृष्टीने या तालुक्यातल्या नद्या-नाले फुगले. रंगावलीला पूर आला, घरं पडली, माणसं वाहून गेली, रेल्वेचं वेळापत्रक कोलमडलं. अशा रात्री गावाला दोन प्रश्न पडतात. पाणी कुठवर आलं, हा पहिला. फोन लागतोय का, हा दुसरा.

फोन बंद पडतो तो बहुतेक वेळा टॉवर कोसळल्यामुळे नव्हे. टॉवर जागेवर ताठ उभा असतो. आधी वीज जाते, मग तो बॅटरीवर काही तास काढतो, मग डिझेलवर. डिझेल घेऊन येणारी गाडी मोरी वाहून गेल्यामुळे अलीकडेच अडकते. वीज टिकली तरी टॉवरला बाहेरच्या जगाशी जोडणारी फायबर केबल अनेकदा त्याच रस्त्याच्या कडेने आणि त्याच पुलावरून गेलेली असते. पूल गेला की केबल जाते. फोनवर रेंजच्या काड्या दिसतात आणि तरी कॉल लागत नाही, तो प्रकार इथून सुरू होतो.

टॉवर, केबल किंवा कंपनी यांपैकी कशाचीही गरज न लागता बोलू शकणारी माणसं देशात शंभर वर्षांपासून आहेत. त्यांना हॅम म्हणतात, सरकारी कागदावर ‘हौशी रेडिओ केंद्रचालक’. हौस म्हटलं की पत्ते आणि तिकीटसंग्रह डोळ्यांपुढे येतात. ही हौस मात्र परीक्षा देऊन, परवाना काढून करावी लागते. केंद्र सरकारने दिलेलं स्वतःचं ओळखचिन्ह, म्हणजे कॉल साइन, मिळाल्याशिवाय बटण दाबायची परवानगी नाही.

वीस मीटर तार

चिंचपाड्यासारख्या गावातून बाहेर बोलायला काय लागतं, ते जवळून पाहण्याजोगं आहे. हार्डवेअरच्या दुकानातून वीस मीटर तांब्याची तार आणायची. बरोबर मधे कापायची. दोन तुकड्यांच्या मधे प्लास्टिकचा एखादा तुकडा बसवायचा, म्हणजे ते एकमेकांना टेकणार नाहीत. तिथून केबल टीव्हीला असते तशी, पण वेगळ्या जातीची कोॲक्सियल केबल खाली संचापर्यंत आणायची. तारेची दोन्ही टोकं नायलॉनच्या दोरीने दोन झाडांना बांधायची. दोरी फांदीवरून टाकायला दगड बांधून भिरकावतात. पहिले दोन-तीन दगड हमखास चुकीच्या फांदीवर जातात आणि एखादा तिथेच राहतो.

हा झाला डायपोल, म्हणजे सगळ्यात साधा अँटेना. वीस मीटरचा हिशेब असा, की ७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण चाळीस मीटर असते आणि डायपोल तिच्या निम्मा लागतो. तार जास्त लांब झाली तर टोकं थोडी थोडी कापायची आणि प्रत्येक वेळी मीटर बघायचा. संचाने पाठवलेल्या शक्तीतली किती परत येते, ते मीटर सांगतो. काटा खाली बसला की काम झालं. संचाला १२ व्होल्टची बॅटरी पुरते, ट्रॅक्टरची असली तरी चालते. शंभर वॉटने बोलताना ती वीसेक अँपियर खेचते, म्हणून बोलायचं थोडं आणि ऐकायचं जास्त.

उंच मनोरा लागेल, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. इथे उलट आहे. तार पाच-सहा मीटर उंचीवर असली तर तिच्यातून निघालेली लहर जवळजवळ सरळ वर जाते. शे-तीनशे किलोमीटरवरच्या आयनांबरावर, म्हणजे सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेल्या हवेच्या थरावर आपटते आणि छत्रीसारखी खाली पसरते. डोंगर आडवे येत नाहीत, कारण लहर डोंगरांच्या डोक्यावरून येते. चिंचपाड्यापासून सरळ रेषेत नाशिक सव्वाशे-दीडशे किलोमीटर, मुंबई, अहमदाबाद आणि इंदूर अडीचशेच्या आसपास, पुणे तीनशे. दिवसा ७ मेगाहर्ट्झची ही छत्री नेमकी एवढ्याच टापूवर पडते. रात्री सूर्य नसल्याने थर विरळ होतो, जवळची केंद्रं बुडतात आणि दूरदेशीची वर येतात. मग जवळच्यांशी बोलायला साडेतीन मेगाहर्ट्झवर उतरावं लागतं, आणि तिथे तार दुप्पट लांब हवी.

हातात धरायच्या वॉकीटॉकीचं गणित निराळं. ती १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालते आणि ही लहर सरळ रेषेत जाते. मधे टेकडी आली की संपलं. सातपुड्याच्या खोऱ्यांत, धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर मोबाइलची जी अडचण तीच हिची. यावर उपाय रिपीटरचा. उंच डोंगरावर एक संच ठेवायचा. तो एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्झ बाजूच्या दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर तेच मोठ्याने बोलतो. खोऱ्यातल्या दोघांना एकमेक दिसत नसले तरी दोघांनाही डोंगर दिसतो. नंदुरबार जिल्ह्यात त्यासाठी जागा शोधायला फार फिरावं लागणार नाही. तोरणमाळचं पठार हजार मीटरहून उंच आहे आणि तापीचं खोरं त्याच्या पायथ्याला सपाट पसरलं आहे.

सकाळची हजेरी

हॅम क्लब म्हणजे खोली, फलक आणि अध्यक्ष, असं असतंच असं नाही. बऱ्याच क्लबांचा खरा पत्ता म्हणजे एक फ्रीक्वेन्सी आणि एक वेळ. देशात रोज सकाळी ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठिकठिकाणची ‘नेट’ भरतात. एक जण नियंत्रक असतो. तो हाक देतो, बाकीचे एकामागून एक कॉल साइन सांगतात, तो लिहून घेतो आणि मग एकेकाला बोलायला सोडतो. जो तो दुसऱ्याला सांगतो की तुझा आवाज इथे कसा येतोय. ‘फाइव्ह नाइन’ म्हणजे खणखणीत, ‘फाइव्ह थ्री’ म्हणजे कान टवकारावे लागतात. मग पाऊस किती झाला, काल कुणाचा अँटेना वाऱ्याने पडला, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं. निवृत्त तारमास्तर, कॉलेजातला मुलगा, डॉक्टर, बागायतदार, सैन्यातल्या सिग्नल विभागातून आलेले सुभेदार. वयाचा आणि हुद्द्याचा इथे फारसा उपयोग नसतो. हवेतले सगळे पुरुष एकमेकांना ‘ओल्ड मॅन’ म्हणतात, अठरा वर्षांच्या पोरालाही. बायका कितीही वयाच्या झाल्या तरी ‘यंग लेडी’. ही विभागणी कुणाच्या सोयीची आहे, ते उघड आहे.

बाहेरून ऐकणाऱ्याला ही सगळी रिकामटेकडी बडबड वाटते. क्लबाचं खरं काम मात्र या बडबडीतच होत असतं. रोज हजेरी देणाऱ्याला ठाऊक होतं, की पावसाळ्यात साडेसात वाजता नाशिक चांगलं येतं आणि दहाला पुणे. कुणाचा संच भरवशाचा आहे, कोण गोंधळात शांत राहतो, कुणाकडे सोलर पॅनल आहे, हे कुठल्याही यादीत नसतं. ते शंभर सकाळींतून कळतं. सरकारी कपाटात दहा संच विकत घेऊन ठेवले आणि पुराच्या रात्री बाहेर काढले, तर पहिली अडचण बॅटरीची येते आणि दुसरी संच चालवणाऱ्या माणसाची. आणीबाणीसाठी घेतलेली यंत्रं आणीबाणीतच पहिल्यांदा सुरू करायची, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

गिरगाव चौपाटीचा ट्रान्समीटर

या हौसेचं आणि सरकारचं नातं सुरुवातीपासून सावध राहिलं. भारतात १९२१ मध्ये कोलकात्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून परवानाधारक हौशींची सुरुवात झाली. दुसरं महायुद्ध सुरू होताच परवाने रद्द झाले आणि संच जमा करायचे हुकूम निघाले. मुंबईचे नरिमन प्रिंटर हे अशाच हौशींपैकी एक. १९४२ च्या आंदोलनात गुप्तपणे चाललेल्या काँग्रेस रेडिओसाठी ट्रान्समीटर उभा करायला जे कसब लागलं, ते त्यांचं. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर या केंद्राचा आवाज उमटला. तो आवाज उषा मेहतांचा होता, आणि पाठीशी विठ्ठलभाई झवेरींसारखे सहकारी होते. पहिला मुक्काम चौपाटीजवळच्या इमारतीत, मग पोलिसांच्या गाड्या माग काढत फिरू लागल्या तशी एकामागून एक जागा बदलली. नोव्हेंबरमध्ये छापा पडला. एका तंत्रज्ञानेच पोलिसांना वाट दाखवली, असं उषा मेहतांनी पुढे सांगितलं. स्वातंत्र्यलढ्यातलं हे पान हौशी रेडिओवाले अभिमानाने सांगतात, शेवट मात्र जरा घाईत उरकतात.

स्वातंत्र्यानंतर संघटना उभी राहिली ती लष्कराच्या सावलीत, १९४८ मध्ये महूच्या सिग्नल्स प्रशाळेत. तीच पुढे ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाली. पण हौस रुजायला यंत्रं लागतात आणि ती आयातीच्या कराखाली दबलेली होती. १९८४ मध्ये कर माफ झाला आणि चित्र पालटलं. राजीव गांधी स्वतः हॅम होते, व्हीयू२आरजी. त्याचाही उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आजही परदेशी बनावटीचा चांगला संच लाखाच्या पुढे जातो. त्यावर हैदराबादच्या अशर फरहान यांनी तोड काढली. त्यांचा बिटएक्स हा बाजारात मिळणाऱ्या साध्या भागांतून घरी जोडता येणारा संच. त्याचा नकाशा त्यांनी सगळ्यांना खुला ठेवला. जगभर तो लोकांनी बनवला. सोल्डरिंग गन हातात धरता येणाऱ्या आयटीआयच्या पोराला तो अशक्य नाही, फक्त सुरुवातीला बोटं भाजतात.

किल्लारी, पोर्ट ब्लेअर, श्रीवर्धन

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची दमलेली रात्र संपता संपता, किल्लारीत जमीन हलली. दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. तेव्हा मोबाइल नव्हता आणि गावातला एखादा टेलिफोन मातीच्या भिंतीखाली गेलेला. मदतीला आलेल्यांत हॅमही होते. २००१ च्या भूज भूकंपातही ते गेले.

सगळ्यात चमत्कारिक योग जुळला तो डिसेंबर २००४ मध्ये. अंदमानातून हौशी रेडिओला बरीच वर्षं परवानगी नव्हती. भारती प्रसाद यांनी पाठपुरावा करून ती मिळवली आणि पोर्ट ब्लेअरच्या एका हॉटेलात केंद्र थाटलं. दुर्मीळ जागेवरून कुणी बोलतंय म्हटल्यावर जगभरचे हौशी त्यांना गाठायला रात्रंदिवस रांगेत होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी. बेटांचे फोन गेले. हौसेसाठी लावलेलं केंद्र त्याच क्षणी निरोपांचं केंद्र झालं. कोण सुखरूप आहे, कोण सापडत नाही, कुणाच्या घरी काय कळवायचं, हे मुख्य भूमीवरचे हॅम ऐकून लिहून घेत आणि फोनने घरोघरी सांगत. पुढे एक पथक कार निकोबारलाही गेलं.

महाराष्ट्राला याची अलीकडची आठवण ‘निसर्ग’ चक्रीवादळाने करून दिली. ३ जून २०२० रोजी ते श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळलं. नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले आणि फोन मुके झाले. मुंबई-रायगडच्या हौशींनी तिथे प्रशासनाला संपर्कासाठी हात दिला. मुंबईत जेएनए वायरलेस असोसिएशनसारख्या संस्था हौशींचे वर्ग चालवतात. अशा वेळी बोलवायची माणसं तयार होतात ती या वर्गांतून.

एवढं सांगून थांबलं तर ही वीरगाथा होईल, आणि वर्तमानपत्रांत बहुधा तशीच ती छापून येते. प्रत्यक्षात पोलिसांचं स्वतःचं वायरलेस जाळं असतं, वनखात्याचं असतं, जिल्हाधिकाऱ्यांकडे सॅटेलाइट फोन असतो. मोबाइल कंपन्या चाकांवरचा टॉवर घेऊन येतात. हॅमचा काळ म्हणजे हे सगळं पोहोचेपर्यंतचे काही तास, फार तर दोन-तीन दिवस. आणि त्यांचं काम बरंचसं कारकुनी असतं. निरोपाला क्रमांक द्यायचा, तातडीची श्रेणी लिहायची, पाठवणारा, घेणारा, मजकूर. समोरच्याने तो शब्दाशब्दाने परत वाचून दाखवायचा. ‘ओआरएसची ५० पाकिटं’ आणि ‘१५० पाकिटं’ यांतला फरक खरखरीत आवाजात सहज हरवतो, म्हणून आकडे एकेक करून सांगायचे. रोज सकाळी नेटवर कॉल साइन लिहून घेणाऱ्याच्या हाताला हे वळण आपोआप लागलेलं असतं.

परीक्षा आणि परवाना

परीक्षेला वयाची बारा वर्षं पूर्ण लागतात. विजेची मूलतत्त्वं, संच कसा चालतो, हवेत कसं बोलावं आणि नियम काय, एवढाच अभ्यास. परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा घेते. परवाना दोन प्रकारचा आहे. वरच्या दर्जाच्या परवान्याला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावं लागतं. देशाची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण कट्ट-कड या भाषेत परीक्षा देणारे विद्यार्थी अजून आहेत. गोंगाटात माणसाचा आवाज बुडतो तिथेही मोर्सचा टिंब-रेघ कानाला सापडतो, हे त्यामागचं व्यवहारी कारण.

परवाना मिळाल्यावर काय करायचं नाही, याचीही यादी आहे. धंद्याच्या गोष्टी नाहीत, प्रचार नाही, गाणी लावायची नाहीत. तिसऱ्याचे निरोप एरवी पोहोचवायचे नाहीत, आपत्तीत शासनाने सांगितलं तर पोहोचवायचे. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या चिनी वॉकीटॉक्यांनी मधे घोळ केला. ट्रेकचे आयोजक, मंडपवाले, लग्नातले फोटोग्राफर सर्रास त्या वापरू लागले. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. चुकीच्या फ्रीक्वेन्सीवरचं ‘वरमाला आली का रे’ हे पोलिसांच्या कानातही जाऊ शकतं, एवढं समजलं तरी नियमांचं कारण कळतं.

मोजपट्टीची शिकार

मुलांना या वाटेला आणायचं तर क्लबांकडे एक हुकमी खेळ आहे, फॉक्स हंटिंग. एक छोटा ट्रान्समीटर झुडपात लपवतात. तो ठरावीक अंतराने बीप देतो. मुलांच्या टोळ्या दिशादर्शक अँटेना घेऊन त्याला शोधत फिरतात. हा अँटेना पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि स्टीलची मोजपट्टी कापून बनवता येतो. पट्टी झुडपात अडकली तर वाकते आणि परत सरळ होते, हा तिचा मोठा गुण. अँटेना फिरवत जायचा, आवाज सगळ्यात मोठा येतो ती दिशा धरायची. अगदी जवळ आल्यावर मात्र आवाज सगळीकडूनच मोठा येतो आणि टोळी झुडपाभोवती गोल गोल फिरत राहते. १९४२ मध्ये पोलिसांच्या गाड्या गिरगावात हेच करत होत्या.

दुसरं आकर्षण डोक्यावरून जातं. इस्रोने मे २००५ मध्ये हॅमसॅट हा हौशींसाठीचा उपग्रह सोडला. तो २०१४ पर्यंत चालला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये गेला. एक किलोहूनही हलका आणि निरोप साठवून पुढे देणारा. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी सप्टेंबरात गेला. या उपग्रहांचे संकेत ऐकायला परवाना लागत नाही, बोलायला लागतो. जुलै २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून शाळकरी मुलांशी बोलले, तेही हौशी रेडिओवरून. स्थानक एका ठिकाणच्या आकाशातून दहाएक मिनिटांत निघून जातं, म्हणून प्रश्न पाठ करून रांगेत उभं राहावं लागतं. ऑक्टोबरातल्या तिसऱ्या शनिवार-रविवारी जगभरचे स्काउट असेच हवेत भेटतात. त्याला जांबोरी ऑन द एअर म्हणतात. चिंचपाडा-नवापूर भागात आश्रमशाळा आहेत, त्यांना मैदानं आहेत आणि मैदानाच्या कडेला तार बांधायला झाडं आहेत.

डोंगरावर चढायचं कुणी

नंदुरबारला पहिलेपणाची सवय आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० मध्ये शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. लोकसभेच्या मतदानात राज्यातल्या पहिल्या केंद्राचा मान अक्कलकुव्यातल्या नर्मदाकाठच्या मणिबेलीला मिळतो आणि तिथे मतदान पथक होडीने जातं. याच पट्ट्यात मोबाइलची रेंज न पोहोचणारी केंद्रं असतात. मतदानाच्या दिवशी तिथली टक्केवारी कळवायला वायरलेस संच आणि निरोप्यांची सोय लावावी लागते. म्हणजे गरज दर निवडणुकीला सरकारच्याच कागदावर येते. नंतर ती फाइल बंद होते, पाडे मात्र रेंजबाहेरच राहतात.

क्लब उभा राहायला पाच-सहा परवाने पुरतात. एक दवाखान्यातला, एक कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या मास्तरांचा, एक-दोन विद्यार्थ्यांचे, एखादा रेल्वेतून निवृत्त झालेल्याचा. त्यांतले तिघे जरी रोज सकाळी नाशिकच्या-पुण्याच्या नेटवर हजेरी लावू लागले, तरी पहिल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांना आपल्या टापूची हवा पाठ होईल. रिपीटर ही त्यानंतरची गोष्ट. त्याला वायरलेस शाखेची वेगळी परवानगी लागेल, डोंगर वनखात्याचा असल्याने त्यांचीही लागेल. वीज पडून संच जळू नये म्हणून अर्थिंग खोल घालावं लागेल आणि खडकात ते सोपं नाही. माकडं केबल ओढतात, त्याचाही बंदोबस्त हवा. आणि सगळ्यात आधी हे ठरवावं लागेल, की श्रावणात वाट निसरडी झालेली असताना, दर महिन्याला बॅटरीच्या पाण्याची पातळी बघायला वर कोण जाणार.